मनाचे जीवाश्म

प्राणहिता गोदावरीस मिळते, त्या संगमाजवळ सिरोंचा वसले आहे. जवळच्या कोटा गावावरून ज्या खडकांस नाव पडले, त्यांत सोळा कोटी वर्षांहून जुने मासे आणि महाकाय प्राणी दगड होऊन पडले आहेत. त्यांपैकीच एकास १९७५ साली ‘बारापासॉरस’ हे नाव मिळाले. हाडांचा इतिहास असा हाती लागतो. पण श्रोतेहो, मनाचा इतिहास कोठे खणावा? भीतीचा नि मायेचा दगड होत नाही.

नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी या दगडांचाही अभ्यास केला आणि गोंडांच्या चालीरीतींचाही. ते १८६३ साली वारले. त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापली. त्या काळच्या पुष्कळ विद्वानांस वाटे की, रानातला माणूस हा आपल्याच पूर्वजांचा जिवंत अवशेष होय. जणू कोट्याचा मासा अजून पोहतोच आहे! ही समजूत मनाच्या उत्क्रांतीचा विचार करणाऱ्या शास्त्रानेच खोटी ठरते, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

मानसशास्त्र पुढे नव्या पायावर उभे राहील, ही आशा डार्विनने १८५९ सालीच व्यक्त केली होती. आप्तांसाठी प्राणी झीज का सोसतो, याचे गणित हॅमिल्टनने १९६४ साली मांडले. परक्यांतील परतफेडीचे साहाय्य ट्रिव्हर्सने १९७१ साली उलगडले. १९९२ साली बार्को, कॉस्मिडीस आणि टूबी यांच्या ग्रंथाने या विचारास शास्त्राचे रूप दिले. त्याचे सार सोपे आहे. डोळा आणि हात जसे निसर्गाच्या निवडीने घडले, तसे मनाचे कलही घडले. ही घडण बहुतांशी शिकार आणि कंदमुळे यांवर जगण्याच्या दीर्घ काळात झाली. शेती तर अवघ्या दहा-बारा हजार वर्षांची. म्हणून दुर्मिळ मधासाठी घडलेली गोडाची ओढ आज मिठाईच्या दुकानात आपल्यास महाग पडते. सापाचे भय मूल चटकन शिकते, मोटारीचे मात्र पुनःपुन्हा शिकवावे लागते.

अर्थात प्रत्येक सवयीस अशी एखादी गोष्ट जुळवू नये, हा गूल्ड व लेवाँटिन यांचा १९७९ सालचा इशाराही विसरता कामा नये. शिवाय कल निसर्ग देतो, पण ‘भाऊ कोण’ हे समाज ठरवतो. गोंडांत सारख्या संख्येचे देव पुजणारी कुळे परस्परांस भाऊ मानतात, त्यांच्यांत सोयरीक होत नाही. मराठ्यांत एका देवकाची घरे तोच नियम पाळतात. दोन्हीकडे रक्ताचे नाते सांगता येईलच असे नाही; नाते मात्र पाळले जाते.

साऱ्या मानवांचे मूळ आफ्रिकेत आहे, आणि तेथून आजवरचा काळ सर्वांनी सारखाच चालला आहे. तेव्हा ते जुने मन माडियाजवळ जेवढे, तेवढेच पुण्याच्या कारकुनाजवळ. तरीही माडिया गोंडांची गणना सरकारी दप्तरात २००६ सालापर्यंत ‘आदिम’ जमातीत होत होती. त्यानंतर तो शब्द गेला. दप्तरातून शब्द पुसणे सोपे असते. आपल्या डोक्यातून तो गेला काय, हे ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे.