विस्तवातून गारवा

विस्तव पेटवून बर्फ करावयाचा, हे बोलणे उफराटे वाटेल. पण माठाचे पाणी ज्या नियमाने थंड होते तोच नियम येथेही आहे. द्रवाची वाफ होताना ती भोवतालची उष्णता घेऊन जाते. प्रश्न उरतो तो त्या वाफेचा पुन्हा द्रव करण्याचा. विजेच्या यंत्रात कॉम्प्रेसर ती दाबतो. शोषणयंत्रात ती दुसऱ्या द्रवात जिरवतात आणि तो द्रव तापवून वेगळी काढतात.

१८३३ साली कलकत्त्यास बर्फ आला तो बोस्टनहून, जहाजाने. पुढे १८५९ साली फेर्दिनां कारे या फ्रेंच माणसाने अमोनिया व पाणी यांच्या जोडीवर शोषणयंत्र सिद्ध केले.

त्यानंतरची सुधारणा म्हणजे उष्णतेची काटकसर. तापून परतणारा द्रव आणि तापावयास निघालेला द्रव शेजारून नेले, की एकाची उष्णता दुसऱ्यास मिळते. पुढची पायरी अशी की, पहिल्या भांड्यात निघालेल्या वाफेनेच दुसरे भांडे तापवावयाचे. लिथियम ब्रोमाइड व पाणी यांच्या एकटप्पी यंत्रात एक भाग उष्णतेमागे सुमारे ०.७ भाग गारवा मिळतो. दुटप्पी यंत्रात सुमारे १.२. अशी यंत्रे पुण्याच्या थरमॅक्स कंपनीनेही बनविली आहेत.

विजेचे यंत्र एकास चार देते, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण औष्णिक केंद्रात त्या एक भाग विजेसाठी सुमारे तीन भाग उष्णता जाळावी लागते. हिशेब भट्टीपासून मांडला पाहिजे. मुद्दाम इंधन जाळून एकटप्पी यंत्र चालविणे तोट्याचेच. धुराड्यातून वाया जाणारी उष्णता वापरली तर मात्र तो नफा.

आपल्या मांजरीत सहकारी साखर कारखान्यांच्या सभासदांनी १९७५ साली उभारलेली, आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, आणि १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रही आहे. उसाचे गाळप व द्राक्षांची तोडणी फेब्रुवारी-मार्चमध्ये एकत्र येतात. म्हणजे एकीकडे धुराडे तापलेले असते, तेव्हाच दुसरीकडे घडांना शून्य अंशाजवळचा गारवा हवा असतो. लिथियम ब्रोमाइडचे यंत्र येथे उपयोगी नाही, कारण त्यात गारवा देणारे पाणीच गोठेल. येथे कारेचा अमोनियाच हवा.

पण अमोनिया विषारी आहे. झडपांची तपासणी, मुखवटे आणि कामगारांचे शिक्षण यांचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा. उष्णतेचा कण न् कण मोजणाऱ्याने यंत्राशेजारी उभ्या असलेल्या माणसाचा श्वास हिशेबाबाहेर ठेवू नये.