यंत्राला आलेले डोळे

चिप छापण्याचा साचा काचेचा असतो. त्यावर एक कण बसला, तर तोच दोष सिलिकॉनच्या प्रत्येक चकतीवर उतरतो. पूर्वी माणसे सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून साचा तपासत; सुमारे ८ तास लागत. १९७८ साली कॅलिफोर्नियाच्या केएलए कंपनीचे यंत्र शेजारच्या दोन आकृत्या ताडून सुमारे १५ मिनिटांत फरक दाखवू लागले.

आपल्या इस्राएलात १९८१ मध्ये ऑप्ट्रोटेक व १९८३ मध्ये ऑर्बोट निघाल्या. चिप ज्यावर बसवतात ते सर्किट बोर्ड त्यांची यंत्रे तपासत. १९९२ मध्ये त्यांची ऑर्बोटेक झाली. २०१९ मध्ये ती केएलएने घेतली.

परंतु दोन्ही आकृत्यांत एकच चूक असली, तर नुसत्या ताडण्याने ती सापडत नाही. म्हणून आम्ही म्हणतो, मुलांनो, यंत्र जरूर शिका. पण मूळ आराखडाही वाचायला शिका.