माळव्यातील कुरणे : चाऱ्याचा ऋतुमानानुसार बदलणारा कस

मध्य प्रदेशातील धार व देवास जिल्ह्यांतील माळरानांवर मारवेल, पवन्या व कुसळी ही गवते आढळतात. माळवी गुरे, म्हशी व शेळ्यामेंढ्या त्यांवर चरतात. पावसाळ्याच्या आरंभी फुटलेले कोवळे गवत प्रथिनयुक्त व पचायला हलके असते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ते निसवले की तंतू व लिग्निन वाढतात, प्रथिने घटतात. उन्हाळ्यातील वाळक्या गवतात ती जेमतेम ३ ते ४ टक्के उरतात. प्रमाण सुमारे ७ टक्क्यांखाली गेल्यास रवंथ करणाऱ्या जनावरांच्या कोठीपोटातील सूक्ष्मजीवांना नायट्रोजन अपुरा पडतो. परिणामी जनावरांचे खाणे, वजन व दूध घटते. कुसळीची पक्व कुसळे तोंडाला इजा करतात. त्यामुळे गवत फुलोऱ्यात कापून वाळवतात. उन्हाळ्यात हरभऱ्याचे भुसकट, पेंड व क्षारमिश्रणाची जोड देतात.