नागपुरातील विलायती सायकलींचे वय
मध्य प्रांताची राजधानी असलेल्या नागपुरात ब्रिटिश अमदानीत आलेल्या रॅले, हर्क्युलिस, बीएसए या विलायती सायकलींचे वय ठरवताना केवळ नाममुद्रेवर विसंबणे धोक्याचे ठरते. कारण १९४९ मध्ये मद्रासला टी. आय. सायकल्स स्थापन झाल्यानंतर हर्क्युलिस हे नाव भारतीय बनावटीवरही झळकू लागले. अधिक भरवशाचा पुरावा मागच्या हबवर, म्हणजे आरे जोडलेल्या मधल्या नळकांड्यावर, मिळतो: स्टर्मी-आर्चर कंपनीच्या गिअरयुक्त हबवर बहुधा निर्मितिवर्षाचे शेवटचे दोन अंक ठोकलेले असतात. मात्र चाक बदललेले असू शकते, म्हणून हे वर्ष फ्रेमच्या क्रमांकाशी आणि रंगाच्या थरांशी ताडूनच स्वीकारावे.