तोट्याचा धनी

इ. स. १८४३ च्या नोव्हेंबर महिन्याच्या ५ तारखेस सांगलीच्या दरबारात विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु तो प्रयोग फसता, तर त्याचा तोटा कोणाच्या अंगावर पडता, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. प्रश्न हिशेबी आहे, आणि हिशेबाची वही रसिकाला नेहमीच थोडी ओशाळवाणी वाटत आली आहे. तथापि नाटक करणारा नव्हे, तर नाटक घडवून आणणारा जो मनुष्य, त्याचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्या वहीवाचून दुसरे साधन मला तरी दिसत नाही.

सांगलीपुरते उत्तर सोपे आहे. आदल्या वर्षी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून संस्थानाधिपती चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन यांच्या मनात तसे काही मराठीत व्हावे असे आले, आणि आपल्या पदरी असलेल्या भाव्यांना त्यांनी तशी आज्ञा केली. पदे रचणे, पात्रे जमविणे, त्यांना शिकविणे आणि प्रयोगात स्वतः सूत्रधार होऊन आरंभापासून अखेरपर्यंत पदे म्हणणे, एवढे सारे भाव्यांकडे. खर्चाची चिंता मात्र सरकारवाड्याकडे. नट ऐन वेळी आपल्या बुद्धीने गद्य बोलत, त्यामुळे खेळाची दोरी खरोखरच सूत्रधाराच्या हाती असे; संस्कृत नाटकाच्या प्रस्तावनेत नटीशी चार शब्द बोलून अंतर्धान पावणाऱ्या सूत्रधाराहून हा सूत्रधार फार कष्टाळू होता. परंतु १८५१ साली आप्पासाहेब निवर्तले, दरबारचा आश्रय सरला, आणि तोपर्यंत कवी व शिक्षक असलेल्या भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव हिंडावे लागले. १८५३ मध्ये मुंबईस ग्रँट रोडवरील नाट्यगृहात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. राजाश्रयाची ही जणू मोड होती: एका खजिन्यातून येणारा पैसा आता शेकडो खिशांतून फुटकळ नाण्यांनी यावयाचा होता, आणि तो न आला तर जबाबदार एकटा मंडळीचा चालक.

पुढची साठसत्तर वर्षे हा चालक ‘मालक’ या नावाने वावरला. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणून जी मंडळी उभी केली, तिच्यात शंकर बापूजी मुजुमदारांसारखा व्यवस्थापक लाभला, ज्याने जमाखर्चही सांभाळला आणि लेखणीही चालविली. असा योग विरळा. १९१३ साली त्याच मंडळीतून बालगंधर्व, गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. त्यांपैकी दोघे भागीदार कालांतराने निघून गेले, मालकी एकट्या बालगंधर्वांकडे आली, आणि भरजरी शालूंच्या व अत्तराच्या त्या वैभवाखाली कर्ज साचत गेले. नटाने मालक होऊ नये, असे मी म्हणणार नाही. पण ज्याला उंची पडद्याची किंमत विचारावीशी वाटत नाही, त्याच्या हाती किल्ल्या असणे सावकाराच्या पथ्यावर पडते, एवढे खरे.

हौशी मंडळांची तऱ्हा निराळी. तिथे मालक नाही, सावकार नाही. आहे तो चिटणीस. कचेरीत कारकून, शाळेत मास्तर किंवा पेठेत दुकानदार असलेला हा गृहस्थ गणेशोत्सवाच्या दोन महिने आधी पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरू लागतो, आणि त्या क्षणापासून खऱ्या अर्थाने नाटकाला प्रारंभ होतो. पडदे भाड्याने आणावयाचे, रंगवाल्याला विसार द्यावयाचा, पेट्रोमॅक्सच्या बत्त्यांची बेगमी करावयाची, नाटककाराची लेखी परवानगी मिळवावयाची. गावात स्त्रीभूमिकेला कोणी तयार नसेल, तर शहरातून नटी बोलावून तिच्या प्रवासाची व उतरण्याची अब्रूदार सोय करावयाची. त्यातच सरकारदरबार. १८७६ च्या नाट्यप्रयोगविषयक कायद्याने प्रयोग बंद करण्याचा अधिकार सरकारने आपल्या हाती घेतला होता, आणि खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१० साली बंदी आल्यावर त्या अधिकाराची धार सर्वांनाच कळली, १९२३ पासून मुंबई इलाख्यात करमणूक करही आला. म्हणजे फौजदारासमोर हात जोडणारा आणि कराचा भरणा करणारा मनुष्य एकच, आणि तोच तालमीला भजी पाठविणाराही. प्रयोगाच्या रात्री त्याला नाटक पाहावयास मिळत नाही. दारावर फुकट्यांशी हुज्जत घालण्यात त्याचे तीन अंक जातात.

या माणसाचे कौशल्य कशात आहे, याचा विचार करता मला असे वाटते, की तोटा होण्यापूर्वीच तो पुष्कळांत वाटून देण्याची कला त्याला साधलेली असते. पाच रुपयांची वर्गणी देणारा वाणी नाटक पडले तरी भिकेस लागत नाही, उलट ‘आपले नाटक’ म्हणून पहिल्या रांगेत येऊन बसतो. मुंबईत मराठी साहित्य संघाचे डॉ. अ. ना. भालेराव यांनी १९४४ पासून नाट्यमहोत्सव घडविले ते याच बळावर. वैद्यकी हा व्यवसाय असलेल्या या माणसाने जुन्या जाणत्या नटांना पुन्हा तोंडाला रंग लावावयास लावले, ते काही स्वतःच्या थैलीच्या जोरावर नव्हे. माणसे गोळा करण्याची त्यांची हातोटीच विलक्षण होती. गिरगावातील संघाच्या नाट्यगृहाला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले. १९५४ साली राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाल्यावर हौशी मंडळांना ठरलेली तारीख मिळाली, आणि चिटणिसाच्या जिवाला एक नवा घोर लागला.

मात्र या कलेचे सर्वांत ठसठशीत रूप पाहावयाचे तर वैनगंगेच्या खोऱ्यात जावे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत भाताची कापणी आटोपली, की गावोगाव मंडई भरते, शंकरपटात बैलजोड्या धावतात आणि रात्री नाटक होते. एके काळी गावचीच मंडळी तोंडाला रंग लावीत. आता वडसा-देसाईगंज येथील व्यावसायिक मंडळ्या ठरलेल्या रकमेवर येतात. तरी यजमान गावचे मंडळच. मंडप त्यांचा, तिकिटे त्यांची, नफातोटाही त्यांचाच. लेकीजावयांना, व्याह्याविहिणींना अगत्याची निमंत्रणे जातात, घरोघर पाहुण्यांच्या पंगती उठतात, उपवर मुलामुलींच्या सोयरिकीची बोलणी निघतात, आणि हा सगळा खर्च मंडळाच्या वहीत कोठेच येत नाही. नाटक उत्तररात्रीपर्यंत, कधी पहाटेपर्यंत चालते. नट गाडीत बसून पुढच्या गावाला निघून जातात, कनाती उतरू लागतात, आणि मंडपाच्या कोपऱ्यात सतरंजीवर, मफलर गुंडाळलेली चारपाच माणसे गल्ल्यातली चिल्लर वेगळी काढीत बसलेली असतात.