हिरवा डोळा, नारिंगी आकडा

1962 सालच्या भाईंदरला उतरलात की पहिल्यांदा दिशाच चुकते. पूर्वेला बाहेर पडायचं आणि रिक्षावाल्याला 'इंद्रलोक' म्हणायचं, ही तुमची सवय. इथे रिक्षा नाही, तुम्ही राहता ते इंद्रलोकही नाही. नवघर, गोडदेव, खारी ही गावं आहेत आणि पुढे मिठागरं. बांधांमधलं पाणी उन्हात आटतंय. ज्या चौथ्या मजल्यावर तुमचं टेस्टिंगचं टेबल आहे, त्या उंचीवर आत्ता बगळे उडताहेत.

आलात ते धंद्याच्या हिशेबाने. जुन्या डिस्प्ले ट्यूब भंगारातून उचलायच्या, तपासायच्या आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांना, घड्याळं बनवणाऱ्यांना विकायच्या, हा तुमचा जोडधंदा. भंगारातली ट्यूब म्हणजे निम्मा जुगार. मग तुम्ही विचार केलात, ती नवी असतानाच जाऊन का आणू नये? खिशात पाचशेच्या चार नोटा आहेत. त्या ग्रँट रोडला पोचल्यावर काढून बघा. लाल किल्ल्याचं चित्र असलेली ही नोट 1962चा दुकानदार खेळातली समजेल, नाहीतर पोलिसांना बोलावेल. तेव्हा खरेदी विसरा, नुसतं बघा.

लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात एक आजोबा रेडिओ घेऊन आलेत. त्यांची तक्रार एवढीच की हिरवा डोळा मंद झाला. हा डोळा म्हणजे मॅजिक आय. 1935 साली अमेरिकेतल्या आरसीए कंपनीने 6ई5 नावाने तो बाजारात आणला, मग युरोपातल्या कंपन्यांनी आपापले काढले. काचेच्या ट्यूबमध्ये वाटीसारखा पत्रा, त्यावर चमकणारा लेप. इलेक्ट्रॉन आदळले की लेप हिरवा उजळतो आणि त्यात एक सावली पडते. स्टेशन नीट लागलं की सावली मिटत जाते.

मेकॅनिक मागचं झाकण काढतो, आत डोकावतो आणि म्हणतो, "आजोबा, रेडिओ ठणठणीत आहे. डोळा थकलाय."

"नवा टाकला तर?"

"टाकू की. पण नाही टाकला तरी चालेल. गाणं काही डोळ्यांनी ऐकायचं नसतं."

आजोबांना ते पटत नाही, आणि का पटत नाही ते बघायला बुधवारी रात्री आठला गिरगावातल्या त्यांच्या चाळीत जा. रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला हा गाण्यांचा कार्यक्रम लागलाय. निवेदक अमीन सयानींचा आवाज शॉर्टवेव्हवरून येतोय, म्हणजे जवळ येतो, दूर जातो, पुन्हा येतो. खोलीत दहा-बारा माणसं, दाराशी शेजारची पोरं. आवाज खाली गेला की हिरव्यातली सावली रुंदावते आणि आजोबांचा हात बटणाकडे जातो. आवाज परतला की सावली मिटते, हातही मागे येतो. हा डोळा शोभेचा नाही. ज्या घरात पोस्टात पैसे भरून रेडिओचं लायसन काढावं लागतं, तिथे सिलोन हातचं जाऊ न देणं हे महत्त्वाचं काम आहे.

पण एक गोष्ट टिपून ठेवा. रेडिओ चालू असतो तितका वेळ तो डोळा जळतो. कार्यक्रम असो, बातम्या असोत, नुसती खरखर असो. त्याचा लेप झिजत जातो आणि एकदा झिजला की परत येत नाही. साठ वर्षांनी हीच ट्यूब तुमच्या टेबलावर आली, तर ती किती जुनी आहे याला अर्थ नसेल. ती किती तास जळली, एवढंच तुम्हाला दिसेल.

(त्याच सुमारास कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा तिथेच बनवलेला संगणक चालू आहे. सुमारे 2,700 व्हॉल्व्ह आणि उत्तर दाखवायला कॅथोड रे ट्यूबचा पडदा. 1962मध्येच नेहरूंनी त्याला ते नाव दिलं. आत सोडणार नाहीत, म्हणून सांगून पुढे निघतो.)

आता 1969. पवई. सोव्हिएत मदतीवर उभी राहिलेली आयआयटी दहा-अकरा वर्षांची झालीय. एखाद्या प्रयोगशाळेच्या मागच्या बाकावर बसा. समोर फ्रीक्वेन्सी मोजणारा काउंटर आहे आणि त्याच्या तोंडावर ओळीने सहा निक्सी ट्यूब. 1955 साली अमेरिकेतल्या बरोज कंपनीने ही ट्यूब बाजारात आणली. आत निऑन वायू, पुढे बारीक जाळी आणि जाळीमागे एकापाठी एक उभे केलेले दहा आकडे, तारेचे. ज्या आकड्याला वीज मिळते त्याच्याभोवती नारिंगी प्रकाश धरतो. तार स्वतः तापून लाल होत नाही, तिला लागून असलेला वायू उजळतो. म्हणून आकडा काचेत तरंगल्यासारखा दिसतो. आकडे एकाच पातळीवर नसल्यामुळे 3 वरून 8 झाला की आकडा जरा मागे किंवा पुढे सरकतो. मला विचाराल तर निक्सीची सगळी गंमत या सरकण्यात आहे. आजच्या सपाट पडद्यावर तिची कितीही नक्कल करा, ती खोटीच वाटते.

प्रयोग साधा आहे. विद्यार्थी घरातल्या विजेची फ्रीक्वेन्सी मोजताहेत. काउंटर दाखवतो 000050, मग 000049, परत 000050. सगळ्यांचं लक्ष उजवीकडच्या ट्यूबवर. तुम्ही मात्र डावीकडच्या बघा. त्या सकाळपासून 0 दाखवताहेत. काल 0 होता, उद्याही 0 असेल. उजळलेल्या तारेवरून धातूचे कण सतत सूक्ष्म प्रमाणात उडत असतात आणि शेजारच्या न पेटलेल्या आकड्यांवर बसतात. महिनोन्‌महिने न पेटलेल्या 4 वर, 7 वर असा थर चढला की पुढे तो आकडा पेटवायला गेलं तर अर्धाच पेटतो. या दुखण्याला कॅथोड पॉयझनिंग म्हणतात. गमतीची बाब म्हणजे सगळ्यात जास्त धावणारी उजवीकडची ट्यूब यातून वाचते, कारण तिचे दहाही आकडे कामात असतात. नुसती बसून राहिलेली बिघडते.

पुढचा प्रवास भरभर. 1972 पर्यंत हिशेबाचं यंत्र खिशात मावू लागलं होतं. त्या साली आलेल्या एचपी-35 या कॅल्क्युलेटरमध्ये आकडे लाल एलईडीचे होते, त्यांना पाच व्होल्ट भरपूर. निक्सीला 170 च्या आसपास लागतात. स्पर्धा संपली. प्रयोगशाळांनी काउंटर कपाटांवर चढवले, कपाटं भरली, मग लिलाव, मग भंगार. सोव्हिएत कारखाने मात्र ऐंशीच्या दशकातही निक्सी बनवत राहिले आणि 1991 मध्ये देशच संपला तेव्हा गोदामांतले खोकेच्या खोके जगभरच्या हौशी लोकांपर्यंत पोचले. आयएन-12, आयएन-14 ही नावं तिथली. हातात आली तर 5 कडे बघा. तो उलटा केलेला 2 आहे.

आणि तुम्ही परत आपल्या काळात. शुक्रवार सकाळ, चोर बाजार, जमिनीवर पसरलेली चादर. एका जुन्या काउंटरचं उघडं पोट आणि त्यात सहा ट्यूब. "चालू है क्या?" "एकदम चालू, लेके जाओ." ना वीज, ना तार, तरी एकदम चालू. घासाघीस करा आणि घ्या.

रात्री इंद्रलोकात टेबल मांडा. दारं बंद, पोरं झोपलेली. पुरवठा 180 व्होल्ट डीसी, मेन्सपासून अलग केलेला. घरातली 230 व्होल्टची वीज डायोड लावून थेट ट्यूबला देणारे महाभाग आहेत. तिचा माथा सव्वातीनशे व्होल्टपर्यंत जातो आणि तो ट्यूबमधून कमी, माणसातून जास्त जातो. मोजताना एक हात खिशात ठेवायचा हा जुन्या मेकॅनिकांचा नियम पाळा. वाटेत पंधरा-वीस हजार ओहमचा रेझिस्टर, म्हणजे प्रवाह दोन-अडीच मिलिअँपियरवर राहतो. रेझिस्टर विसरलात तर ट्यूब एकदाच सुंदर पेटेल.

वीज देण्याआधी काच बघा. पिना काचेतून बाहेर येतात तिथे तडा आहे का? खाडीच्या हवेने पिना हिरवट पडल्यात का? त्या साफ करा, पण वाकवू नका, कारण तडा तिथूनच जातो आणि हवा आत गेली की ट्यूब मेली. काचेच्या आतून काळपट आरसा चढला असेल तर ती ट्यूब खूप राबलीय, हा काळेपणा जाणार नाही. आता एकेक आकडा पेटवा, दहाच्या दहा. आकड्याच्या कडेला निळसर झाक दिसली तर घाबरू नका. आयुष्य वाढावं म्हणून कारखान्यात थोडा पारा घातलेला असतो. त्याच कारणाने ट्यूब फुटली तर केर हाताने भरू नका आणि रोजच्या कचऱ्यातही टाकू नका.

पाच ट्यूब नीट पेटतात. सहावीचा 0 झगझगीत, 1 ठीक, 4 चा पाय गायब, 7 ची फक्त टोपी, 9 चा तुकडा. तिला ओळखलंत? मागच्या बाकावरून बघितलेली हीच नसेल कदाचित, पण तिच्याच जातीची आहे. हिचं सगळं आयुष्य डावीकडे 0 दाखवण्यात गेलं. बिघडलेल्या आकड्याला थोडा जास्त प्रवाह देऊन काही तास पेटतं ठेवलं तर थर उडतो आणि आकडा भरत येतो. मधूनमधून बघत राहा, कारण हाव धरून प्रवाह फार वाढवलात तर काच काळी होईल. ही दोन रात्रींनी बहुधा सुधारेल. आजोबांच्या हिरव्या डोळ्याला हा उपाय नाही. त्याला फिलामेंटची वीज द्या, वर 250 व्होल्ट द्या. 6ई5 असेल तर ग्रिड शून्यावर ठेवल्यावर सावली उघडी हवी आणि उणे आठ व्होल्टच्या आसपास मिटायला हवी. सावली हलते पण हिरवं दिवसा दिसत नाही, अशी ट्यूब असेल तर तसंच लिहून विका. घेणारे असतात. नुसता अंधाऱ्या खोलीत काढलेला फोटो टाकून विकणं ही फसवणूक आहे. तो फोटो मंद डोळाही तेजस्वी दाखवतो.

या धंद्यात सगळ्यात स्वस्त शब्द आहे 'टेस्टेड'. बहुतेक वेळा त्याचा अर्थ 0 पेटला एवढाच असतो, आणि 0 तर त्या सहावीचाही पेटत होता. तेव्हा विकत घेताना दहाही आकड्यांचे दहा फोटो मागा, प्रवाह किती दिला होता ते विचारा, ट्यूब सुधारून घेतलेली आहे का ते विचारा. विकणारा चिडला तर घेऊ नका. तुम्ही स्वतः विकत असाल तर हे सगळं कोणी न विचारता लिहा, आणि तपासायला वेळ झाला नसेल तर 'तपासलेली नाही' असं लिहून कमी भावात द्या.

आणि घरात आजोबांचा रेडिओ माळ्यावर पडून असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी, चालतो का बघू म्हणून तो थेट प्लगला लावू नका. वर्षानुवर्षं बंद राहिलेले त्याचे कपॅसिटर पहिल्याच मिनिटाला फुटू शकतात आणि जाताना बाकीचंही घेऊन जातात. आधी जाणत्या माणसाला दाखवा. डोळा त्यानंतर बघता येईल.