रणातील मोघम रेघ

दप्तरातील एका मोघम शब्दाची किंमत किती असू शकते, हे कच्छच्या रणाने दाखवून दिले आहे. सिंध मुंबई इलाख्यात असताना, १९१४ साली मुंबई सरकारने सिंध व कच्छ यांच्यातील सीमेची तडजोड मंजूर केली. पण ती पश्चिमेकडील भागापुरतीच. उरलेल्या रणाचा निवाडा करण्याची निकड ब्रिटिश अमलात कोणास भासली नाही. फाळणीने मात्र तीच अस्पष्ट रेघ दोन राष्ट्रांची सीमा झाली आणि १९६५ च्या एप्रिलात तेथे रक्त सांडले.

ब्रिटनच्या मध्यस्थीने ३० जूनला करार झाला. स्वीडनचे लागेरग्रेन, युगोस्लाव्हियाचे बेब्लर व इराणचे एंतेझाम यांच्या लवादाने जुने नकाशे व कागद तपासून १९ फेब्रुवारी १९६८ रोजी निर्णय दिला. वादग्रस्त प्रदेशाचा सुमारे नऊ दशांश भाग भारताकडे राहिला. सिंधी गुराख्यांच्या चराईचे छाड बेट पाकिस्तानला मिळाले. देशात संताप उसळला, तरी भारताने दिलेला शब्द पाळला, याचे मोल आम्ही मोठे मानतो. सर क्रीकच्या खाडीचा वाद लवादाने सोडविला नाही. तो आजही लोंबकळत आहे. आम्हां टिपणी लिहिणाऱ्यांनी एवढे ध्यानी धरावे: आज टाळलेला निर्णय उद्या कोणाच्या तरी प्राणांवर बेततो.